परिषदेची जागा ठरवताना: सही कोणाची, पैसे कोणाचे

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातली आणि बेळगावच्या पश्चिम भागातली गावोगावची वाचनालयं चालवणारे तरुण मिळून जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पहिली परिषद भरवत आहेत. माणसं साधारण तीनशे. आजवर जमलेली वर्गणी 1,10,000 रुपये. दोन जागा समोर आहेत. एक, शहरातलं मंगल कार्यालय: दोन दिवसांचं भाडं 80,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, जेवण त्यांच्याकडूनच, ताट करासह 160 रुपये, तीन जेवणांना प्रत्येकी किमान 400 ताटं, एकूण रकमेच्या निम्मे आगाऊ, आणि ते ‘कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीत’. दुसरी, गावातल्या देवस्थानचं सभागृह: रोजचे 9,000, आत दोनशे माणसं बसतात, बाकीच्यांसाठी बाहेर मंडप, जेवणाची व्यवस्था आपली आपण. तिथं कागद काहीच नाही. पंच म्हणालेत, ‘घ्या की, आपलंच आहे.’ कार्यालयवाल्यांनी सहीसाठी आठ दिवसांची मुदत दिलीय. काय करावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. कार्यालयाचा कागद आहे तसा असेल तर सही करू नका. त्यातल्या चार गोष्टी बदलून मिळाल्या तर कार्यालय घ्या. नाही मिळाल्या तर देवस्थानचं सभागृह घ्या, पण तिथंही पंचांचा लेखी ठराव हातात आल्यावरच पत्रिका छापायला टाका. बावीस-तेवीस वर्षं मी या भागातल्या ग्रामीण साहित्य संमेलनांची, शिक्षकांच्या मेळाव्यांची, व्याख्यानमालांची जागेची बाजू सांभाळत आलोय. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा अशा गावांत लोकांनी पदरमोड करून संमेलनं उभी केली, टिकवली. ती बुडाली तर ती बहुतेक वेळा वक्त्यामुळे किंवा पावसामुळे बुडत नाहीत. कुणीतरी घाईत, जमलेल्या पैशापेक्षा मोठा शब्द कागदावर देऊन बसलेला असतो.

तुमचा हिशेब वहीत मांडून बघा. 400 ताटं गुणिले तीन जेवणं म्हणजे 1,200 ताटं, 1,92,000 रुपये. भाडं करासह 94,400. एकूण 2,86,400. त्याचे निम्मे 1,43,200. तुमच्याकडे 1,10,000 आहेत. म्हणजे पहिल्याच हप्त्याला 33,200 कमी पडतात, तेही परत न मिळणाऱ्या हप्त्याला. कार्यक्रमाला अजून काही महिने असताना, एक खुर्चीसुद्धा न मांडता तुम्ही कर्जात.

आता जेवायला प्रत्यक्षात किती माणसं असतील ते बघू. तीनशे नावं नोंदली गेली तर शनिवारी दुपारी 280 पानं धरा. रात्री काय होतं? जांबोटी, नंदगड, बेकिनकेरे, उचगाव या बाजूची माणसं शेवटच्या बसनं घर गाठतात. ज्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत त्यांना पहाटे धार काढायची असते. ती मुक्कामाला राहणार नाहीत, तुम्ही कितीही गाद्या घाला. रात्री 120 माणसं राहिली तरी खूप झाली. रविवारी दुपारी 200, कारण रविवारी कुणाचं बारसं असतं, कुणाला दुसऱ्या दिवशी कामावर पुण्याला पोचायचं असतं. सगळी मिळून 600 ताटं. म्हणजे 96,000 रुपयांचं जेवण लोक जेवतील आणि 96,000 रुपये न वाढलेल्या ताटांचे जातील. तुमचं भाडं आहे 80,000. रिकामी ताटं भाड्यापेक्षा महाग पडताहेत आणि तुमच्या पत्रात घासाघीस आहे ती भाडं पंच्याहत्तरवर आणण्याची.

म्हणून पहिला बदल हा मागा: प्रत्येक जेवणाची किमान संख्या वेगळी. शनिवार दुपार 250, शनिवार रात्र 100, रविवार दुपार 180. अंतिम आकडा कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी कळवायचा, आणि त्याच्या वर दहा टक्क्यांपर्यंत माणसं वाढली तर दर तोच. किमान 530 ताटांचे 84,800 होतात. बिलाच्या धोक्यातून एकदम 1,07,200 कमी झाले. मालक हे ऐकेल का? माझ्या अनुभवात ऐकतो, दोन कारणांनी. आचाऱ्याला भाजी आणि दूध आदल्या एक-दोन दिवसांतच घ्यायचं असतं, तांदूळ-डाळ-तेल तर उरलं तरी पुढच्या कार्याला चालतं. तीन दिवस आधीचा पक्का आकडा त्याला पुरतो. आणि दुसरं, तुमच्या तारखा धनुर्मासातल्या आहेत. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यात पौषही आला. त्या दिवसांत कार्यालयं मोकळी असतात. ‘आठ दिवसांत सही करा, नाहीतर तारीख जाईल’ हे वैशाखात खरं असतं. धनुर्मासात तितकंसं नाही. नम्रपणे सांगा की आम्हाला पंधरा दिवस लागतील. मुदत वाढवून मिळेल.

याच बैठकीत विचारून घ्या की बाहेरचा आचारी चालेल का. काही ठिकाणी ‘स्वयंपाकघराचं भाडं’ म्हणून ठरावीक रक्कम घेतात आणि मोकळीक देतात. दोन्हींचा आकडा घेऊन मगच ठरवा.

पुढच्या बदलाआधी एक गोष्ट सहीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या मंडळाची नोंदणी झालेली नाही असं तुम्ही लिहिलंय. नोंदणी नसलेल्या मंडळाला कायद्याच्या नजरेत स्वतंत्र अस्तित्व नसतं. ‘अमुक परिषद संयोजन समितीतर्फे’ असं लिहून खाली ज्यानं सही केली, तो माणूस बांधला जातो. पैसे बुडाले तर मालक त्याच्याच दारात येणार. आपल्याकडे ही सही नेहमी सगळ्यात उत्साही पोराकडून होते, ज्याला नोकरी लागून वर्षही झालेलं नसतं. असं करू नका. त्या पोराच्या घरच्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

यावर दोन वाटा आहेत. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा 1960 खाली किमान सात सभासद लागतात. तुम्ही दरवर्षी परिषद घेणार असाल तर नोंदणी कधीतरी करावीच लागेल. पण जानेवारीच्या आत धावपळ करण्यापेक्षा तुमच्यापैकी ज्या वाचनालयाची नोंदणी आधीच झालेली आहे त्याला यजमान करा. त्याच्या कार्यकारिणीनं ठराव करावा, त्याच्या खात्यात पैसे जमा व्हावेत, त्याच्या शिक्क्यानिशी सही व्हावी. आणि ते जमणार नसेल तर निदान सात जणांनी आपापसात एक कागद करावा: ‘जागेच्या करारातून काही देणं निघालं तर आम्ही सातजण सारख्या वाट्यानं देऊ.’ हा कागद मालकाला दाखवायचा नसतो. तो तुमच्या मैत्रीसाठी आहे. असा कागद करायला बसलं की आणखी एक गोष्ट कळते. जो सही करायला कचरतो, तो सांगत असतो की आकडा झेपणारा नाही. त्याचं ऐका.

आता दुसरा बदल, कार्यक्रम मोडला तर काय याचा. इथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या कागदात त्या एकाच वाक्यात, एकाच बाजूनं उरकल्यात.

आपण रद्द केलं तर मालकाचं काही नुकसान होतं, ते भरून द्यायला हवं; त्यात वाद नको. पण ते टप्प्यानं असावं. साठ दिवस आधी कळवलं तर भाड्याच्या दहा टक्के, तीस दिवस आधी पंचवीस, पंधरा दिवस आधी पन्नास. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली भरपाईची रक्कम ही वरची मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढंच देतं. म्हणजे सगळे आगाऊ पैसे गिळण्याचा हक्क नुसत्या त्या एका ओळीतून आपोआप मिळत नाही. मात्र चाळीस-पन्नास हजारांसाठी न्यायालयात जाऊन वर्षं घालवणं स्वयंसेवकांना परवडत नाही. म्हणून जे हवं ते आजच कागदावर आणा. जिल्हा ग्राहक आयोगाची वाट थोडी सोपी आहे: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि नोंदणी असो-नसो, लोकांचा समूह तक्रार करू शकतो. पण तिथंही पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

मालकानं रद्द केलं तर? तुमच्या कागदात याबद्दल एक अक्षर नाही. मला हे फार महागात शिकावं लागलं. एका वर्षी आमचं शिक्षक-संमेलन होतं, तारीख माघातली. शहरातलं एक कार्यालय ठरवलं होतं, पाच हजार दिले होते. कार्यक्रमाला सोळा दिवस राहिले असताना मालकाचा माणूस पैसे घेऊन घरी आला. लग्नाची मोठी ऑर्डर आली होती, तीन दिवसांची. ‘तुमचे पैसे पूर्ण परत, एक रुपया कापला नाही,’ असं म्हणून त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. मी कपाटातून पावती काढली. चौकोनी वहीचं फाडलेलं पान, त्यावर ‘अ‍ॅडव्हान्स पोचला रु. 5,000’ आणि एक सही. कार्यक्रमाची तारीख नाही, हॉलचं नाव नाही, शिक्का नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुण्यांची तिकिटं काढली होती. त्या पानाच्या जोरावर मी काय भांडणार होतो? शेवटी एका शाळेच्या व्हरांड्यात आणि पटांगणात सगळं केलं, नवीन पत्रिका छापल्या, दोनशे घरांत फोन केले. ते पान मी अजून जपून ठेवलंय. नव्या मुलांना दाखवतो.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात हे वाक्य असतं, तुम्ही जसंच्या तसं घ्या: ‘मालकाच्या बाजूने आरक्षण रद्द झाल्यास संपूर्ण आगाऊ रक्कम सात दिवसांत परत करावी, आणि त्याच तारखांना पर्यायी जागा घेताना होणारा जादा खर्च व पत्रिकांच्या फेरछपाईचा खर्च मालकाने द्यावा.’ करार कायद्याच्या कलम 73 खाली नुकसानभरपाई तशीही मागता येते, पण कागदावर वाक्य असलं की लग्नाची ऑर्डर घेण्याआधी मालक दोनदा विचार करतो. वाक्याचा खरा उपयोग तोच.

तिसरा प्रकार, ना तुमच्या हातात ना त्याच्या. आपल्या भागात याला फार वाव आहे, म्हणून इथं जरा थांबतो. करार कायद्याचं कलम 56 सांगतं की करार पाळणंच अशक्य झालं तर तो रद्दबातल होतो. कलम 65 सांगतं की मग घेतलेला फायदा परत करायचा. 13 मार्च 2020 ला कर्नाटक सरकारनं आठवड्याभरासाठी लग्नसमारंभ, परिषदा बंद केल्या, तेव्हा हे कलम सरळ लागू पडणारं होतं. हॉल उघडायलाच बंदी होती. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि पुणे-बेंगळूर महामार्ग बंद पडला, तेव्हाची गोष्ट घ्या. बेळगावातला हॉल उघडा आहे, दिवे लागलेत, मालक दारात उभा आहे. फक्त तुमचा कोल्हापूरचा पाहुणा निपाणीच्या अलीकडे येऊ शकत नाही. कायद्याच्या नजरेत इथं अशक्य असं काहीच झालेलं नाही. भाडं लागू. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर गाड्यांवर दगडफेक झाली आणि महाराष्ट्राच्या एसटी थांबल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या बंद पडल्या. पाहुण्यांना जिल्ह्यात प्रवेशबंदीचे आदेशही निघालेले आपण पाहिलेत. या सगळ्यात हॉल उघडाच होता.

म्हणून तिसरा बदल मागा, आणि तो पैसे परत मागण्याचा ठेवू नका, तारीख बदलण्याचा ठेवा. मालक पैसे परत द्यायला नाखूश असतो, तारीख द्यायला तयार असतो. वाक्य असं: ‘सरकारी आदेश, जमावबंदी, पोलीस परवानगी नाकारली जाणे, आंतरराज्य बससेवा किंवा महामार्ग बंद पडणे, पूर अथवा साथ यांपैकी कोणत्याही कारणाने कार्यक्रम घेता न आल्यास, भरलेली रक्कम पुढील सहा महिन्यांतील उपलब्ध तारखेसाठी त्याच दराने वापरता येईल, सरकारी आदेशाने हॉलच बंद असल्यास रक्कम पूर्ण परत मिळेल.’ ‘पोलीस परवानगी नाकारली जाणे’ हे शब्द आठवणीनं घाला. मालक कधीकधी म्हणतो, परवानगी ही तुमची जबाबदारी. बरोबर आहे, अर्ज करणं आपली जबाबदारी. पण वेळेत अर्ज करूनही ती मिळाली नाही, तर दोघांनी मिळून सोसायचं.

परवानगीचं वेळापत्रक त्याच दिवशी वहीत लिहा. बेळगाव शहर आणि लगतच्या ठाण्यांसाठी पोलीस आयुक्तालय आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे जिल्हा पोलीस अधीक्षक. त्यामुळे जागा बदलली की अर्जाचं टेबलही बदलतं. महिनाभर आधी ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या. विषय, वक्त्यांची नावं, वेळ, माणसं, सगळं स्पष्ट लिहा. वाचनालयांची परिषद आहे, लपवण्यासारखं काही नाही, आणि जितकं स्पष्ट लिहाल तितके प्रश्न कमी येतात. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो लावता येत नाही, आणि शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. देवस्थानाशेजारी शाळा असेल तर बाहेरच्या मंडपातला कर्णा त्या हद्दीत येऊ शकतो. तिथं आवाज आतल्या सभागृहापुरता ठेवा आणि मंडपात पडदा व लहान स्पीकर लावा.

तारखेबद्दल एक. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा शहरातल्या लॉजवर खोली मिळत नाही, बंदोबस्त कडक असतो, आणि जमावबंदी लागू शकते. पूर्वीचं 144 कलम म्हणायचो, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 झालंय. तुम्ही जानेवारी निवडलात ते फार चांगलं केलंत. सुगी उरकलेली असते, हवा कोरडी, मुहूर्त नाहीत, अधिवेशन संपलेलं.

चौथा बदल हप्त्यांचा. आगाऊ म्हणून भाड्याच्या पंचवीस टक्के, म्हणजे 20,000. पोलीस परवानगी मिळाल्यावर आणखी पंचवीस. जेवणाचे पैसे अंतिम आकड्याबरोबर निम्मे, बाकी रविवारी जेवण उठल्यावर. कागदात ‘एकूण रकमेच्या निम्मे’ असं आहे तिथं ‘भाड्याच्या पंचवीस टक्के’ हे शब्द आणायचेत. एवढ्या शब्दांनी 1,43,200 चे 20,000 होतात. या चारही बदलांनंतर एकूण बिल 94,400 आणि 84,800 मिळून 1,79,200 धरा. तुमच्या 1,10,000 मध्ये 69,200 कमी आहेत, पण ते उभे करायला तुम्हाला शेवटच्या आठवड्यापर्यंत वेळ आहे. आणि उद्या सगळं मोडलं तरी जाणार ते हातात असलेल्या पैशातलेच. मी नेहमी हाच एक निकष लावतो: कुठल्याही तारखेला, सगळं फसलं तरी देणं लागेल ती रक्कम त्या तारखेला खात्यात असलेल्या रकमेपेक्षा कमी हवी.

कराबद्दल विचारलंत. बिल जीएसटी क्रमांकासह मागा. ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे अशा सेवादाराला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला 18 टक्के लावताही येत नाहीत. ‘बिल नको असेल तर कर सोडतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. कच्च्या पावतीनं माझं काय झालं ते वर लिहिलंच आहे. शिवाय वर्गणी लोकांची आहे, तिचा हिशेब वाचून दाखवायचाय. देवस्थानच्या बाबतीत मात्र एक चांगली सोय आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या धर्मस्थळाच्या आवारातलं सभागृह असेल, संस्थेची आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंद असेल आणि भाडं दिवसाला 10,000 रुपयांपेक्षा कमी असेल, तर त्यावर जीएसटी नाही. तुमचे 9,000 त्यात बसतात. नोंद आहे का एवढं पंचांना विचारा.

कागदाची भाषा. तुम्हाला दिलेला मसुदा कानडीत आहे आणि तुमच्यापैकी दोघांनाच नीट वाचता येतो, असं लिहिलंय. त्या दोघांना ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायला सांगा, बाकीच्यांनी मराठीत उतरवून घ्या. करार कुठल्याही भाषेत वैध असतो. दोन भाषांत केला तर वाद झाल्यास कोणती प्रत धरायची हे शेवटी लिहा. आणि फलक, कमान, स्वागताचा बोर्ड कुठं, कोणत्या भाषांत, किती आकाराचा, हेही मालकाशी आधीच बोलून लिहून घ्या. कार्यक्रमाच्या सकाळी दारात त्यावरून बाचाबाची होणं पाहुण्यांसमोर फार वाईट दिसतं, आणि मालकही बिचारा दोन्हीकडून सापडतो. आम्ही मराठी आणि कानडी दोन्ही लावतो. शेजारच्या गल्लीतली कानडी माणसंही मग पुस्तकं बघायला आत येतात, हे मी स्वतः पाहिलंय.

देवस्थानच्या सभागृहाकडे वळतो. ‘आपलंच आहे’ हा शब्द मनापासूनचा असतो, त्यावर मी शंका घेत नाही. पण पंच कमिटी बदलते, एखाद्या पंचाच्या घरी सुतक येतं, त्याच शनिवारी कुणी पारायण ठरवतं. म्हणून कमिटीच्या बैठकीत ठराव मांडायला सांगा: तारखा, वेळ, खोल्या, भांडी, भाडं, मंडप कुठवर घालायचा. अध्यक्ष आणि कार्यवाह यांच्या सहीची प्रत घ्या, भाड्यातले 5,000 भरून पावती घ्या. यात अविश्वास दाखवतोय असं वाटू देऊ नका. ‘पोलिसांच्या अर्जाला जोडायला कागद लागतो’ असं सांगा, आणि ते खरंही आहे. मग मंडप, खुर्च्या, जनरेटर, जादा शौचालयं, आचारी यांचे दर काढा. भाडं 18,000 असलं तरी खर्च 18,000 वर थांबणार नाही. माझ्या अंदाजानं कार्यालयाच्या सुधारलेल्या आकड्याच्या जवळपास जाईल, फरक एवढाच की प्रत्येक वस्तू हवी तेवढीच घेता येते, आणि गावातल्या घराघरांतून शिधा जमला तर जेवणाचा भार हलका होतो.

सही करण्याआधी कार्यालय एकदा रिकामं बघा आणि एकदा भरलेलं बघा. ‘हजार माणसांचं’ कार्यालय म्हणजे लग्नाच्या हजार, येणारी-जाणारी, पंगतीनं उठणारी. तुमची तीनशे माणसं सहा-सहा तास एकाच जागी बसणार. बायकांची शौचालयं किती आणि त्यांना पाणी कुठून येतं हे बघायला समितीतल्या बायकांनाच पाठवा. मी गेलो तर मला नळ दिसतो, बादली आहे का हे दिसत नाही. 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. त्या वेळी टिळकवाडीत पाण्यासाठी आधी विहीर खणली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. जागा निवडताना त्या लोकांनी पाण्याचा विचार पहिला केला होता. स्टेजवर एकानं उभं राहून साध्या आवाजात बोलावं, दुसऱ्यानं शेवटच्या रांगेत ऐकावं. पत्र्याचं छप्पर आणि फरशी असेल तर आवाज घुमतो आणि कविसंमेलनाचा चिखल होतो. खालच्या हॉलमध्ये त्या दिवशी दुसरं काही आहे का? धनुर्मासात लग्न नसलं तरी वाढदिवस आणि डीजे असतो. ‘त्याच आवारात त्या दोन दिवसांत दुसरा ध्वनिक्षेपक नसेल’ ही ओळ घाला.

आणि डिझेल. हेस्कॉमची वीज गेली तर जनरेटर लागतो आणि त्याचं बिल नेहमी वादाचं. आमच्यातल्या एका इलेक्ट्रिशियननं शिकवलेली रीत सांगतो. शनिवारी सकाळी चावी घेताना मॅनेजरला बरोबर घेऊन जनरेटरपाशी जायचं. टाकीत स्वच्छ काठी उभी सोडायची, जिथवर ओली झाली तिथं खडूनं रेघ मारायची, मीटरवरचे तास कागदावर लिहायचे, दोघांनी सही करायची. रविवारी संध्याकाळी पुन्हा तीच काठी. फरक जितका, तितकंच डिझेल आपलं. तशीच फेरी हॉलमधून: खुर्च्या मोजा, फुटलेला आरसा, सैल नळ, भिंतीवरचे जुने डाग यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि तिथंच मॅनेजरला पाठवा. अनामत सात दिवसांत परत, हे करारात असू द्या.

पुढच्या रविवारी बैठक घ्या. आधी सात जणांचा आपापसातला कागद करा, मग चार बदलांची एक पानी यादी घेऊन दोघंजण कार्यालयात जा, आणि त्याच दिवशी इतर दोघं पंचांकडे. बुधवारपर्यंत कार्यालयाकडून चारही गोष्टींना लेखी होकार आला तर 20,000 चा धनादेश यजमान वाचनालयाच्या खात्यातून द्या, रोख नको. मूळ करार वाचनालयाच्या कपाटात ठेवा, त्याचे फोटो सातही जणांच्या मोबाइलवर राहू द्या.